ससाण्याचं अभ्यंगस्नान

शिकारीला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिला प्रश्न बंदुकीचा विचारतात. बंदूक कुठली होती? बंदूकच नव्हती म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, जणू मी त्यांना लग्नाला बोलावून जेवायलाच घातलं नाही. दुसरा प्रश्न सिंहाचा. अरबस्तानात सिंह कुठून येणार, हे मी सुरुवातीला शांतपणे समजावून सांगायचो. पुढे पुढे माझं डोकं फिरायला लागलं. बहारीनच्या अदलिया भागातल्या एका बँकवाल्या गृहस्थांना तर मी सांगून टाकलं, की सिंह होता, पण त्याचा व्हिसा संपला होता. बिचारे बराच वेळ विचार करत बसले.

तिसरा प्रश्न हमखास यायचा. किती मारलेत? या प्रश्नाची मी वाटच बघत असायचो. मी चहाचा कप खाली ठेवायचो, घसा साफ करायचो आणि सांगायचो, "एकही नाही. एका ससाण्याला मात्र न्हाऊ घातलं." मग सगळे हसायचे, खुर्च्या पुढे ओढायचे, आणि माझी गाडी सुटायची.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी तेव्हा बहारीनला मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. बोटींची डिझेल इंजिनं हे मुख्य काम, आणि मालकाच्या घरच्या गाड्या हे वरकाम. मालकाचे एक म्हातारे काका होते. सगळे त्यांना हज्जी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारापायी मुंबईत राहून आल्यामुळे त्यांना आपली मोडकीतोडकी मुंबईची हिंदी झकास यायची. दर थंडीत ते आपला ससाणा घेऊन समुद्रापलीकडे सौदीच्या वाळवंटात हुबाऱ्याच्या शिकारीला जायचे. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ. कोंबड्यापेक्षा मोठा, वाळूच्या रंगाचा, आणि महाबिलंदर. त्या वर्षी त्यांचा नेहमीचा ड्रायव्हर रजेवर गावी गेला होता. हज्जी वर्कशॉपमध्ये आले, माझ्या हातातल्या पान्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मोहंदिस, चलेगा?" मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी नुसता डिप्लोमावाला, पण ती पदवी मला फार आवडायची.

मी एका क्षणात हो म्हणालो. मी सांगलीकडचा शाकाहारी माणूस. गलोलीनं चिंचा पाडण्यापलीकडे शिकारीचा अनुभव शून्य. तरी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी शीळ घालत फिरत होतो. बिऱ्हाडी पोचेपर्यंत मात्र माझ्या लक्षात आलं, की माझ्या एकट्याच्या होकारावर भागणार नव्हतं.

बायकोला पाचवा महिना होता. त्याआधी दोनदा दिवस राहिले होते, आणि दोन्ही खेपेला चौथा महिना लागायच्या आत सगळं संपलं होतं. आमच्याकडे पद्धत अशी, की बायको पोटुशी असताना नवऱ्यानं जीव मारायचा नाही. घरात साप निघाला तरी शेजाऱ्याला हाक मारायची. मी इंजिनांत वाढलेला माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण पहिल्या खेपेला मी वर्कशॉपमध्ये एक उंदीर पान्यानं मारला होता आणि मोठ्या फुशारकीनं घरी येऊन सांगितलं होतं. ते तिच्या लक्षात होतं. ते माझ्याही लक्षात होतं, हे मात्र मी तिला कधी बोललो नाही.

मी विषय काढल्यावर ती दोन दिवस गप्प होती. शिवाय त्याच आठवड्यात दिवाळी. पोटुश्या बायकोला दिवाळीत एकटं टाकून हा वाळवंटात हुंदडायला निघाला, असं मित्रमंडळींत बोललं गेलंच, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर वसईच्या एक बाई राहायच्या. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांनी परस्पर जाहीर केलं, की आठवडाभर मी वर झोपायला येते, त्याला जाऊ दे, नाहीतर जन्मभर ऐकवत बसेल. तिसऱ्या दिवशी चपात्या लाटता लाटता बायको म्हणाली, "जा तुम्ही. तुमचा चेहरा बघवत नाही. पण हात स्वच्छ ठेवून परत या."

मी शब्द दिला. तिनं पिशवी भरली. चिवडा, मेतकूट, भाजणी, आणि एका वेगळ्या डब्यात नरकचतुर्दशीचं सगळं सामान. वासाचं तेल, उटण्याची पुडी, आणि केसांसाठी शिकेकाई-रिठ्याची चांगली अच्छेर पूड. मी म्हटलं, अगं माझ्या डोक्यावर केस किती, ही पूड किती. ती म्हणाली, वाळू जाते डोक्यात. वर ताकीद दिली, की वाळवंट असो नाहीतर काहीही असो, सूर्य उगवायच्या आत अंघोळ झाली पाहिजे.

सौदीला जाणारा पूल तेव्हा व्हायचा होता. आम्ही दोन गाड्या सपाट तळाच्या बोटीवर चढवून पलीकडे गेलो आणि पुढे दिवसभर दक्षिणेकडे गाड्या हाणल्या. आम्ही सहाजण. हज्जी, त्यांचे दोन पुतणे, वाळवंटातच वाढलेला एक वाटाड्या बदू, एक स्वयंपाकी आणि मी. आणि सातवा तो ससाणा. त्याचा मान सगळ्यात मोठा. हज्जी स्वतः मागच्या सीटवर बसायचे, पण ससाणा पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी. डोळ्यांवर चामड्याचं छोटंसं टोपडं, पायात वादी, आणि गाडीनं गचका खाल्ला की तो माझ्याकडे मान वळवायचा. त्याला दिसत काही नव्हतं, तरी मला ओशाळं वाटायचं.

इथे लोकांच्या आणखी एका समजुतीचं बोलतो. लोकांना वाटतं शिकार म्हणजे ठो ठो, धावपळ, रक्त. पहिले दोन दिवस आम्ही चाललो, वाकलो आणि जमिनीकडे बघत राहिलो, बस्स. बदू गाडीतून उतरायचा, वाळूवरचा तीन बोटांचा ठसा बघायचा आणि सांगायचा, सकाळी गेलाय, एकटा आहे, घाईत नव्हता. मला वाटलं फेकतोय. पण पुढे मैलभरावर झुडपाखाली ताजी विष्ठा सापडली, तेव्हा मी कान पकडले. एखाद्या इंजिनचा नुसता आवाज ऐकून मी व्हॉल्व्हचं दुखणं सांगतो, तशातला तो प्रकार होता. त्या क्षणापासून मी वेडा झालो. मलाही ठसे दिसायला लागले, निदान दिसताहेत असं वाटायला लागलं. मी गाडी थांबवून ओरडायचो, बदू उतरून बघायचा आणि म्हणायचा, "ही कुणा धनगराची बकरी."

खाण्याचंही लोक विचारतात. कच्चं मांस खावं लागतं का? अहो, भात, मसूर, खबूस म्हणजे तिकडची रोटी, आणि खजूर. वर बायकोचा चिवडा. तो हज्जींनी असा काही धरला, की तिसऱ्या दिवशी डबा त्यांच्याच सीटखाली सापडला.

पहिल्या संध्याकाळी पुतण्यांनी मला आग्रह केला, की उद्या ससाणा तू उडव. त्यांच्यात हा मोठा मान. मी हज्जींना बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. बायको, पाचवा महिना, आधीची दोन, दिलेला शब्द. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी पुतण्यांना अरबीत दोन वाक्यं ऐकवली, आणि तेव्हापासून माझ्यासमोर कुणी सुरीसुद्धा म्यानाबाहेर काढली नाही. मला म्हणाले, "तुम सिर्फ गाडी. बाकी सब हमारा हिसाब."

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना हुबारा दिसला. म्हणजे बदूला दिसला. मला नुसती वाळू दिसत होती. मग ती वाळूच चालायला लागली. हज्जींनी ससाणा हातावर घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि दातांनी टोपड्याची वादी ओढली. टोपडं निघालं. ससाण्यानं एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि गेला.

आता हे मी कितीदा सांगितलं असेल, पण सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. हुबारा उठला, मोठमोठ्या पंखांनी हवा कापत निघाला. ससाणा जमिनीलगत, अगदी खाली, आपल्याच सावलीवर बसल्यासारखा. मी गाडी सोडली. हज्जी मागून ओरडताहेत, यमीन, यमीन, उजवीकडे, आणि मी स्टिअरिंग फिरवतोय, डोकं टपाला आपटतंय, समोर काचेत दोन ठिपके, एक मोठा, एक छोटा, आणि छोटा मोठ्याजवळ सरकतोय. शाकाहारी, पोटुशीचा नवरा, शब्दाला बांधलेला मी, यल्ला यल्ला, चल चल, म्हणून किंचाळत होतो. कुणाला, ते मला माहीत नाही.

आणि ऐन वेळी हुबारा वळला. त्यानं शेपूट फिरवलं आणि ससाण्याच्या अंगावर हिरवी चिकट पिचकारी सोडली. हे त्याचं शस्त्र. विष्ठाच ती, पण डिंकासारखी. ससाणा हवेतच लटपटला आणि दगडासारखा वाळूत येऊन आदळला. हुबारा शांतपणे क्षितिजापलीकडे निघून गेला. मनातून मी त्याला सलाम केला, हेही सांगायला हवं.

आम्ही पोचलो तेव्हा ससाणा एका पंखावर कलून बसला होता. उजवा पंख आणि शेपूट पार चिकटून गेलं होतं. तो पंख उघडायला बघायचा आणि उघडायचा नाही. हज्जी गुडघ्यांवर बसले. तीन हिवाळे त्यांनी त्याला हातावर वागवलं होतं. पंख तसाच वाळला आणि त्यानं तो जोर लावून उघडला, तर पिसं मोडणार, आणि मोडल्या पिसांचा ससाणा म्हणजे त्या वर्षापुरता खलास. नुसत्या पाण्यानं ते सुटेना. स्वयंपाकी कपडे धुवायची निळी पावडर घेऊन आला, तर हज्जींनी त्याला हाकलला. साबणानं पिसांचं तेल जातं, मग ती पाणी धरतात. मेकॅनिकच्या डोक्यात चिकट म्हटलं की पहिलं रॉकेल येतं. मी ते मोठ्यानं म्हणालोही. हज्जींनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेलो नाही.

सूर्य मावळत होता. अंधारात पक्षी ओला करायचा नाही, थंडीनं मरेल, म्हणून पहाटेपर्यंत थांबायचं ठरलं. ससाण्याला एका मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं. मी झोपायच्या आधी उद्याच्या अंघोळीचं सामान काढलं, कारण उद्या नरकचतुर्दशी. डबा उघडला आणि रिठ्याचा वास आला. मी तसाच उठलो.

आमच्या घरात पैठणी धुवायची तर रिठा, लोकरी शाल धुवायची तर रिठा, दागिने उजळायचे तर रिठा. ज्याचा रंग जाऊ नये, ज्याचा कस जाऊ नये, ते सगळं रिठ्यात. मी पूड हज्जींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी वास घेतला, चिमूटभर बोटांत चोळली आणि परत वास घेतला. मग म्हणाले, त्यांची आई बोरीच्या पाल्याची अशीच पूड करायची आणि त्यांना न्हाऊ घालायची. तरी म्हातारा पक्का. नुसत्या आठवणीवर तो ससाणा माझ्या हाती देणार नव्हता. शिकारी लोक ससाण्याची झडलेली पिसं जपून ठेवतात, एखादं मोडलं तर त्याच्या जागी जोडायला. त्यांनी त्यातलं एक जुनं पीस काढलं, त्याला फडक्यावरची घाण फासली, आणि मी ते भिजवलेल्या पुडीच्या पाण्यात धुतलं. पीस मोकळं झालं. वाळल्यावर त्यांनी ते गालावरून फिरवून बघितलं आणि फक्त मान हलवली.

पहाटे स्वयंपाक्यानं पाणी कोमट केलं. मी रिठ्या-शिकेकाईचं पाणी हज्जींच्या डोक्यावरच्या रुमालातून दोनदा गाळलं. हज्जींनी ससाण्याला टोपडं घातलं आणि मग त्यांचे हात इतके कापायला लागले, की त्यांनी तो मला दिला. मांडीवर पंचा पसरून मी बसलो. डावा तळहात त्याच्या छातीखाली, दोन बोटं मानेच्या दोन्ही बाजूंना, आणि अंग अलगद कोपरावर टेकलेलं. माझ्या तळव्याला त्याचं काळीज लागत होतं, इतकं भराभर की मला माझंच वाटलं. उजव्या हातात माझा दाढीचा ब्रश. कार्बुरेटरची जाळी साफ करताना जसं करतो तसं, मुळाकडून टोकाकडे, उलटा हात एकदाही फिरवायचा नाही. एकेक पीस. फेस हिरवा व्हायचा, पाणी ओतायचं, परत फेस. मध्येच त्यानं माझ्या अंगठ्याचा असा लचका घेतला, की मी आईला हाक मारली, पण हात सोडला नाही.

सूर्याची कड वर आली तेव्हा पंख उघडला. पूर्ण उघडला, हातपंख्यासारखा, एकही पीस न मोडता. पुतण्यांनी मला उचललंच. हज्जींनी माझं डोकं दोन हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. मी उरलेलं तेल डोक्याला थापलं, उटणं चोळलं आणि एका तांब्यात माझी अंघोळ उरकली, कारण पूड सगळी त्याला लागली होती. दिवाळीच्या पहाटे पायाच्या अंगठ्यानं चिरडायला कारीट तेवढं नव्हतं. म्हणजे त्या वर्षी मी नरकासुरसुद्धा मारला नाही.

इथे माझी गोष्ट संपायची. लोक टाळ्या द्यायचे, आणि मी गप्प बसायचो. खरी गोष्ट तिथे संपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच ससाण्यानं हुबारा पाडला. धुतलेला पंख असा काही चालला, की हज्जी लहान पोरासारखे नाचायला लागले. हुबारा वळला, पिचकारी चुकली, ससाणा वरून आला, धूळ उडाली. मी गाडीच्या टपावर उभा होतो. मी ओरडलो, उड्या मारल्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं आनंदाचं होतं. तो माझा ससाणा होता. मग धूळ खाली बसली, पुतण्या सुरी घेऊन धावला, आणि मला एकदम तळहातावरचा तो रिठ्याचा वास आला. पंख मी मोकळा केला नसता, तर तो पक्षी त्या दिवशी जिवंत असता. माझा हात स्वच्छ होता की नव्हता, मला कळेना.

घरी आलो तेव्हा दार उघडून बायको म्हणाली, "हात दाखवा." मी दाखवले. तिनं वास घेतला, अंगठ्यावरची जखम बघितली. मी म्हणालो, एकही जीव मारला नाही. ते खरं होतं. ससाण्याच्या अंघोळीची गोष्ट ऐकून ती पोट धरून हसली. शेवटच्या दिवसाचं मी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं, मग पुढच्या शुक्रवारी, आणि मग ते सांगणं जडच होत गेलं. रात्री तिनं कूस बदलली, कण्हली, की मला टपावर नाचणारा मी दिसायचो. मी इंजिनांचा माणूस, तरी घाबरलो होतो.

डिसेंबरात नर्सबाईंनी नाताळच्या जेवणाला बोलावलं. घरभर वसईची माणसं, आमचे दोन-तीन पुणेकर, नेवऱ्यांची ताटं. नेवरी आणि करंजी यांत फरक काय, यावर एक वाद होऊन गेला होता. बायकोला सातवा महिना होता, ती भिंतीशी उशी घेऊन बसली होती. कुणीतरी मला डिवचलं आणि माझी गाडी सुटली. बंदूक, सिंह, बकरी, पिचकारी, रिठा. पंख उघडला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात नर्सबाई नेवऱ्यांचं ताट हातात घेऊन दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "पण पंख मोकळा झाल्यावर त्यानं केलं काय रे? शिकारीचा पक्षी तो. नुसता बसून नाही राहिला असेल."

इतक्या लोकांनी इतके प्रश्न विचारले, हा एकानंही विचारला नव्हता. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. खोटं बोलता आलं असतं. मी सांगून टाकलं. हुबारा पडला, मी टपावर होतो, मी नाचलो, आणि हे घरी सांगायचं धैर्य मला झालं नाही. नर्सबाईंना आधीच्या दोन्ही खेपांचा आमचा सगळा इतिहास ठाऊक होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.

बायकोनं विचारलं, "उपाशी होता ना तो?"

मी म्हणालो, "हो. उडवायचा असला की उपाशीच ठेवतात."

"मग भुकेल्याला न्हाऊ घातलंत आणि जेवायला बसवलंत. दिवाळीत आपण दुसरं काय करतो?"

नर्सबाई म्हणाल्या, "ऐकलंस काय, बाय किती शहाणी आहे तुझी," आणि ताट माझ्यापुढे धरलं. सगळे सुटल्यासारखे हसले.

जिना चढून वर येताना बायको मध्येच थांबली. दम लागला होता. म्हणाली, "पक्ष्याचं मला काही वाटत नाही. दीड महिना तुम्ही एकटेच घाबरत बसलात, ते वाईट केलंत. मी काय घाबरत नव्हते?" मी तिचा हात धरला आणि आम्ही एकेक पायरी चढलो. त्या रात्री आम्ही आधीच्या दोघांबद्दल पहिल्यांदाच बोललो, आणि तो उंदीरही निघाला. उंदराचं ऐकून ती रडता रडता हसली.

मार्चमध्ये मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, ठणठणीत, आवाज तर बोटीच्या भोंग्यासारखा. हज्जींनी खजुराचं पोतं पाठवलं. सासूबाईंचा व्हिसा काही वेळेत आला नाही, नर्सबाईंची नेमकी दिवसपाळी लागली, आणि बायकोचे टाके ओले असल्यामुळे तिला वाकता येत नव्हतं. घरी आल्यावर पहिल्या अंघोळीची वेळ आली आणि आम्ही दोघंच. ती पलंगावरून म्हणाली, राहू दे, बाई संध्याकाळी येतील. मी पाणी कोमट केलं, कोपर बुडवून बघितलं आणि मांडीवर पंचा पसरून बसलो.

डावा तळहात छातीखाली, दोन बोटं मानेच्या दोन्ही बाजूंना, अंग कोपरावर टेकलेलं. काळीज तळव्याला लागत होतं, तसंच भराभर. माझा हात जराही कापला नाही. मी पाणी ओतलं, ती किंचाळली, मी पुन्हा ओतलं. बायको पलंगाच्या कडेला सरकून एकटक बघत होती. आम्ही नाव ठरवलं नव्हतं, बाळंतविड्याचे कपडे आणले नव्हते, सात महिने झाल्यावरही पाळणा बघितला नव्हता. मागे दोनदा सगळं आणून ठेवलं होतं आणि पेटीत परत ठेवलं होतं. या खेपेला घरात नर्सबाईंनी शिवून दिलेलं एक टोपडं तेवढं होतं.

मी तिला पुसलं आणि पंच्यात गुंडाळलं. बायकोनं उशीखालून टोपडं काढून माझ्यापुढे धरलं.

"घाला लवकर," ती म्हणाली, "नाहीतर उडून जाईल."

मी टोपडं घातलं आणि हनुवटीखाली बंद नीट बांधले.